पाणीदार रेशीम आणि आमचा जुलाहा

"मामू, एक काम आहे. आधी हो म्हणा, मग सांगतो."

भाच्याचा असा फोन आला की समजावं, त्याला पैसे नको आहेत, वेळ हवा आहे. त्याच्या दोस्तांनी मिळून मोहल्ल्यातल्या शादीखान्यात एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. विषय होता, मुसलमानांनी जगाला काय दिलं. एकूण चाळीस फलक. बीजगणित, शस्त्रक्रियेची अवजारं, ताऱ्यांची नावं, कॉफी, कागद, असं सगळं वाटून झालं होतं. कापडाचा फलक माझ्या वाट्याला आला. त्याला कारण मीच. गेल्या ईदला शीरखुर्मा खाता खाता मी पोरांना सांगून बसलो होतो की पट्टेरी मांजराला इंग्रजीत 'टॅबी' म्हणतात आणि तो शब्द बगदादच्या एका मोहल्ल्यावरून आलाय. पोरं जाम खूश झाली होती. माझं तोंड तेव्हा बंद असतं तर पुढचा महिना सुखात गेला असता.

फलकावर काय लिहायचं होतं ते आधी सांगतो. पाण्यावर वारा फिरला की जशा बारीक लाटा उठतात, तशा लाटा असलेलं एक रेशमी कापड असतं. इंग्रजीत त्याला पाणी दिलेलं रेशीम म्हणतात, फ्रेंचमध्ये म्वारे. हात हलला की लाटा सरकतात. ही नक्षी विणलेली नसते, छापलेली नसते, रंगवलेलीही नसते. मग येते कुठून? घरात मच्छरदाणी असेल तर तिचा एक पदर दुसऱ्या पदरावर टाका आणि उजेडाकडे धरा. दोन्ही पदरांची भोकं एकसारखी, पण एक पदर जरासा तिरका पडला की मधे मोठमोठ्या लाटा दिसायला लागतात. त्या ना या पदरात आहेत, ना त्या. याचं गणितही सोपं आहे. एकसारख्या रेघांच्या दोन जाळ्या एकमेकींवर ठेवून एक अंशाने फिरवल्या, तर दिसणारी लाट मूळ रेघांमधल्या अंतराच्या साधारण 57 पट रुंद असते. बारीकशी चूक 57 पट मोठी होऊन दिसते म्हणा ना.

कापडात हेच दाबून केलं जातं. आधी असं रेशीम विणायचं की त्यावर आडव्या बारीक वरंब्या उठतील, उभा धागा बारीक आणि आडवा जाड. मग ते लांबीत दुमडायचं, चांगली बाजू आत. थोडी ओल द्यायची आणि तापलेल्या रुळांखालून प्रचंड दाबाने काढायचं. वरच्या पदराच्या वरंब्या खालच्या पदराच्या वरंब्यांवर तंतोतंत कधीच बसत नाहीत. जिथे एक दुसरीवर चढते तिथे ती चेपते, जिथे दोन वरंब्यांच्या मधे पडते तिथे उभी राहते. चेपलेला भाग उजेड वेगळा फेकतो, उभा भाग वेगळा. घडी उलगडली की लाटा तयार, आणि घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींच्या आरशातल्या. आपल्याकडे धोबी कापडाची कुंदी करायचे, त्यातलाच हा प्रकार, फक्त फार जोरकस. गंमत म्हणजे 'पाणी दिलेलं' म्हणवणाऱ्या या रेशमाला पाणी चालत नाही. भिजलं की चेपलेले धागे फुगतात आणि लाट पुसट होते. पुढे ॲसिटेट आणि इतर कृत्रिम धागे आले तेव्हा उष्णतेने लाट कायमची बसवता यायला लागली. अस्सल रेशमात मात्र ती पाहुणीच.

आता शब्द. बगदादच्या पश्चिमेला अत्ताबिया नावाची वस्ती होती. प्रेषितांनी ज्यांना मक्केचा कारभार सोपवला, त्या अत्ताब यांच्या घराण्यावरून ते नाव पडलं. स्पेनहून हजला निघालेला इब्न जुबैर 1184 साली बगदादला पोचला आणि त्याने या वस्तीची नोंद करून ठेवली. इथे रेशीम आणि सुताचं रंगीबेरंगी अत्ताबी कापड होतं, असं तो लिहितो. या कापडाचं इतकं नाव झालं की दूर स्पेनमधल्या अल्मेरियाचे मागही अत्ताबी विणू लागले. भूगोलकार अल-इद्रीसीने तिथल्या कापडांची यादी दिली आहे, तीत हे नाव आहे. तिथून फ्रेंचांनी उचललं, त्याचं 'ताबी' झालं, इंग्रजांनी 'टॅबी' केलं. सॅम्युएल पीप्स हा लंडनचा रोजनिशीवाला 1661 साली आपल्या टॅबीच्या बंडीची नोंद करतो. डॉक्टर जॉन्सनच्या 1755 सालच्या शब्दकोशात टॅबी म्हणजे लाटांचं रेशीम असा अर्थ आहे. त्याआधीच कुणीतरी मांजराच्या अंगावरचे पट्टे पाहिले आणि बगदादचा मोहल्ला तिच्या पाठीवर जाऊन बसला.

'म्वारे'चं मूळही अरबीतच आहे. मुखय्यर, म्हणजे निवडलेलं, पारखलेलं. बकरीच्या मऊ केसांचं उंची कापड या नावाने विकलं जाई. इंग्रजीत त्याचं 'मोहेअर' झालं, आणि फ्रेंचांनी तोंड वाकडं करून 'म्वारे'. आपल्याला हा शब्द परका वाटायचं कारण नाही. ख-य-र याच धातूतून खैर आला, खैरात आली, आणि तहसील कचेरीत ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो मुखत्यारही आला. कुलमुखत्यारपत्र आणि पॅरिसचं लाटांचं रेशीम ही नात्याने भावंडं आहेत.

एवढं सगळं मी भाच्याला उत्साहाने लिहून पाठवलं. त्यात आणखी एक परिच्छेद होता आणि तोच नडला. मी लिहिलं होतं की अत्ताबी हे कापड पट्ट्यांचं आणि मिश्र धाग्यांचं म्हणून माहीत आहे. त्याला लाटा दाबण्याची कला बगदादची होती असं शब्दावरून सिद्ध होत नाही. शब्द एका गावचा, कसब दुसऱ्या गावचं, असं सतत होतं. लाटा दाबण्याच्या कलेला इंग्लंड आणि फ्रान्समध्ये जोर आला. आणि तिथलीही एक कथा आहे. 1685 साली फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं. हजारो लोक देश सोडून पळाले. त्यांतले रेशमाचे विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये येऊन राहिले. पुढे 1750च्या दशकात इंग्लंडचं लाटांचं रेशीम इतकं पुढे गेलेलं होतं की फ्रान्सला सरकारी पैसा खर्चून जॉन बॅजर नावाचा इंग्रज कारागीर ल्यों शहरात आणावा लागला, आपल्या लोकांना शिकवायला. विणकर हाकलायचे आणि सत्तर वर्षांनी त्याच गावाहून उस्ताद आणायचा. मला वाटलं, आपल्या पोरांना हे वाचायला आवडेल.

परत आलेला मजकूर तीन ओळींचा होता. मुसलमान विणकरांनी बगदादमध्ये लाटांच्या रेशमाचा शोध लावला. युरोप त्याला आजही अरबी नावानेच ओळखतो. रोमच्या कार्डिनलांच्या डोक्यावरची लाल टोपी याच कापडाची आहे. तिसरी ओळ खरी आहे. दुसरी ओढून ताणून खरी आहे. पहिलीबद्दल मी फोन केला.

"बाळा, शोध लावला असं कुठे लिहिलंय? मी तरी लिहिलेलं नाही."

"मामू, फलकाला जागा किती असते? लोक उभ्या उभ्या वाचणार."

"मग शोध हा शब्द काढ. नाव बगदादचं, एवढंच ठेव. दोन शब्द कमीच होतील."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुम्ही प्रेसमध्ये बसता, मामू. मी कंपनीत बसतो. मला जेवणाच्या टेबलावर हसत हसत विचारतात, तुम्ही लोकांनी या देशाला दिलं काय? तेव्हा मी काय सांगू? तुमची तळटीप वाचून दाखवू?"

मला उत्तर सुचलं नाही. या पोराला गेल्या वर्षी दोन घरमालकांनी नाव ऐकून चावी परत ड्रॉवरमध्ये ठेवून दाखवली होती. त्याचा राग मला ठाऊक आहे, तो माझाही आहे. त्याला मी इतिहासलेखनाची शिस्त शिकवणार? मी फोन ठेवला. त्या रात्री फलकाचं प्रूफ समोर घेऊन बसलो आणि मला अब्बा आठवले.

अब्बा कोल्हापूरच्या एका छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर होते. फोटो छापायचा तर त्याचे ठिपके करावे लागतात हे आता मुलांना सांगावं लागतं. शाई एकतर लागते नाहीतर लागत नाही, फिकी काळी अशी लागत नाही. म्हणून फोटो बारीक जाळीतून पुन्हा टिपायचा, गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी लहान. लांबून डोळा फसतो आणि त्याला करडा रंग दिसतो. रंगीत छपाईत अशा चार जाळ्या एकमेकींवर पडतात आणि तिथे ते कापडवालं भूत हजर होतं. जाळ्यांचे कोन जरा चुकले की बाईच्या गालावर, आकाशावर, मंत्र्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर लाटा. प्रेसमध्ये या दोषाला 'मोरे' म्हणायचे. आमच्याकडे बाइंडिंगला मोरे आडनावाचे एक काका होते. "मोरे आला रे" अशी हाक पडली की ते दर वेळी वर बघायचे आणि मग शिव्या घालायचे.

दोष टाळायचा उपाय ठरलेला आहे. काळ्याची जाळी 45 अंशांवर, निळ्याची 15, लाल म्हणजे मॅजेंटाची 75. तिघांत तीस तीस अंशांचं अंतर राहिलं की लाट इतकी बारीक होते की तिची फक्त छोटी छोटी फुलं दिसतात, डोळ्याला खुपत नाहीत. पण चौकोनी जाळी नव्वद अंशांनी पुन्हा तशीच दिसते, त्यामुळे नव्वदात तीसच्या अंतराने तीनच मावतात. चौथ्या रंगाला जागा उरत नाही. मग पिवळ्याला शून्यावर बसवायचं, दोघांपासून पंधरा पंधरा अंशांवर. त्याच्याही लाटा पडतात, पण पिवळा सगळ्यांत फिका, कुणाला दिसत नाही. अब्बा हे शिकवताना म्हणायचे, "पिवळा गरीब आहे, त्याच्या चुकीकडे कुणी बघत नाही." मी पुढे पुण्यात सत्तावीस वर्षं संगणकावर हेच कोन लावले. आता सॉफ्टवेअर स्वतःच लावतं, काही ठिकाणी ठिपके विखरून टाकतात आणि कोनाचा प्रश्नच येत नाही. तरी छापलेला फोटो कुणी पुन्हा छापायला आणला की मोरे येतोच. ठिपक्यांवर ठिपके. नोटांवरच्या बारीक रेघांचा एक उपयोग हाच आहे, नक्कल करायला गेलं की लाटा उठून चोरी उघडी पडते.

म्हणजे माझ्या घरात ही नक्षी दोन पिढ्या शत्रू होती. ल्योंच्या माणसाने जिच्यासाठी टनावारी दाब दिला, ती आम्ही भिंग लावून हुडकून मारत होतो.

भाच्याला मी एकदा कौतुकाने सांगितलं होतं की 2018 साली अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी ग्राफीनचे दोन थर 1.1 अंशाने फिरवून एकमेकांवर ठेवले, तर अतिशय थंड तापमानाला त्यातून वीज अजिबात न अडता वाहू लागली. त्या शास्त्राच्या लेखांत हाच शब्द असतो, म्वारे. त्याला तेही फलकावर हवं होतं. मी म्हटलं, त्यात आपलं काय? तो म्हणाला, शब्द आपला. इथे माझं आणि या पिढीचं पटत नाही. शब्द आपला म्हणजे नेमका कुणाचा? बगदादच्या ज्या माणसाने पाय खड्ड्यात सोडून आयुष्यभर धोटा फेकला, त्याचा मी कोण लागतो?

हा प्रश्न मला त्या रात्री टोचला कारण याचं एक उत्तर मला माहीत होतं आणि ते चांगलं नव्हतं.

साधारण तीस वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, नमाजी, देखणा. भिवंडीचा. सगळं जुळलं. मग फुफूंनी विचारलं, आडनाव काय? अन्सारी. बैठकीत एकदम शांतता. फुफू पानाचा विडा दुमडत म्हणाल्या, "अच्छा, जुलाहे." बस, एवढंच. चहा झाला, बिस्किटं झाली, पाहुणे गेले, आणि महिनाभराने निरोप गेला की मुलीला अजून शिकायचं आहे. मी चोवीस वर्षांचा होतो. हमीद दलवाई वाचलेले होते, फुले वाचलेले होते, कॉलेजात भाषणं ठोकत होतो. त्या बैठकीत मी बिस्किटांची ताटली पुढे केली आणि काही बोललो नाही. बहीण दारामागे उभी होती. तिने मला नंतर कधी त्याबद्दल विचारलं नाही, मीही काढलं नाही.

मशिदीत खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे राहणारे आपण, सोयरिकीच्या वेळी कोण सय्यद, कोण पठाण, कोण बागवान, कोण कसाई, कोण जुलाहा हे एका दमात सांगतो. 'हमारे में जात-पात नहीं होती' हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांनी मुलीसाठी बायोडेटा बघताना आडनाव आधी वाचलं आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, विलास सोनवणे त्यांच्या बरोबरीने फिरले, खुद्द दिलीपकुमार व्यासपीठावर येऊन बसले, तेव्हा आमच्यातलेच शहाणे म्हणत होते, हे लोक कौम तोडतायत. कौम तर दारामागे उभ्या असलेल्या पोरीच्या वेळीच तुटलेली होती.

आणि आता प्रदर्शनात त्याच जुलाह्याचा गौरव. फक्त तो बगदादचा हवा, नऊशे वर्षांपूर्वी मेलेला हवा, आणि त्याने सोयरीक मागता कामा नये.

मी दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, तुझी पहिली ओळ राहू दे, पण फलकाच्या तळाला एक ओळ माझी टाक. आज मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर इथे यंत्रमागावर बारा बारा तास उभी असलेली माणसं. त्यांच्यात मोमीन आहेत, पद्मशाली आहेत, उत्तरेतून आलेले आहेत, तेलंगणातून आलेले आहेत. त्यांच्या कानाला लवकर कमी ऐकू यायला लागतं. कुणी येऊन त्यांना विचारत नाही की तुम्ही जगाला काय दिलं, उलट मीटरमागे किती पैसे घेणार एवढंच विचारतात. कापडाची देणगी मोजायची तर तिथून मोजू.

"मामू, तो वेगळा विषय आहे," तो म्हणाला. "आणि आमच्या कमिटीत..." पुढे तो बोलला नाही. कमिटीत कोण कोण आहे ते मला माहीत आहे.

त्याच्या मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला या भांडणात सापडलं, ते इथे लिहून ठेवतो, कारण फोनवर ते नीट सांगता आलं नाही. 'तुम्ही काय दिलं' हा प्रश्न विचारणारा हिशेब मागत नसतो. त्याच्यापुढे अत्ताबी, मलमल, मुखय्यर, बीजगणित सगळं ओतलं तरी तो म्हणेल, बरं, आणखी? भाडेकरू म्हणून घर मिळायला, बसमधे निवांत बसायला, बापजाद्यांनी शोध लावलेला असणं ही अट कुणालाच नसते. शेजारच्या कुलकर्ण्यांना कुणी शून्याची पावती मागत नाही. आपण पावत्या घेऊन धावलो की ती अट आपण मान्य केली. त्यातून खोटी पावती निघाली तर समोरच्याला फुकटचं हसू. औरंगाबादच्या हिमरूबद्दल असंच होतं. मुहंमद तुघलकाने विणकर आणले ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यापुढे कापड दिसेनासं होतं. सुती ताण्यावर रेशमाची फुलं उठवायची ती रीत, आणि तिचा सख्खा भाऊ मशरू. वरून रेशीम, अंगाला लागतं ते सूत. पुरुषाला निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून शरीअतीला मान्य ते मशरू. नियम पाळायचा आणि अंगावर चमकही हवी, या माणसाच्या साध्या हौसेतून केवढं कसब जन्माला आलं! हे सांगायला सुलतान कशाला लागतो?

पण हेही मान्य करतो की हे सगळं मला पन्नाशी ओलांडल्यावर, स्वतःच्या मालकीच्या दोन खोल्यांत बसून सुचतंय. अठ्ठावीस वर्षांच्या पोराला जेवणाच्या टेबलावर दोन सेकंदांत उत्तर द्यायचं असतं. त्याने खिशात पावती ठेवली तर मी त्याला खोटा म्हणणार नाही. पावती तेवढी खरी असावी, इतकंच माझं म्हणणं.

प्रदर्शन झालं. गर्दी चांगली होती, बुरख्यातल्या मुली वह्या घेऊन आल्या होत्या, दोन मराठी शाळांचे शिक्षक मुलं घेऊन आले. बीजगणिताचा फलक खरोखर उत्तम होता, कुणी केला माहीत नाही. कापडाच्या फलकापाशी मी शेवटी गेलो. 'शोध लावला' कायम होतं. माझी ओळ नव्हती. मधे एका जुन्या लाटांच्या रेशमाचा मोठा रंगीत फोटो होता आणि लोक त्यासमोर थांबत होते. एक आजोबा नातवाला म्हणत होते, बघ, कशा लाटा आहेत, जणू हलतात.

लाटा मलाही दिसल्या, पण जरा जास्तच दिसल्या. त्या बंडीच्या कापडावर होत्या, मागच्या भिंतीवर होत्या आणि फोटोच्या खाली ठेवलेल्या मोजपट्टीवरही होत्या. मी खिशातून अब्बांचं भिंग काढलं. ते पितळी भिंग मी अजून बरोबर ठेवतो, सवय. चष्मा वर करून फलकाला टेकवलं. ठिपक्यांवर ठिपके. पोरांनी कुठल्याशा पुस्तकातला छापील फोटो स्कॅन करून तसाच मोठा केला होता. ज्या कापडाच्या लाटा दाखवायच्या ते कापड खाली कुठेतरी दबून गेलं होतं. लोक पाहत होते तो अब्बांचा मोरे.

भाचा मागे येऊन उभा होता. "काय झालं, मामू? बिघडलंय का?"

मी भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने वाकून पाहिलं, मग इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"हे ठिपके काय आहेत?"

"सांगतो. आधी स्टूल आण, वेळ लागेल. आणि तुझ्या आजोबांपासून सुरुवात करावी लागेल. मग तुझ्या मावशीचं लग्न का मोडलं तेही सांगतो."

तो स्टूल आणायला गेला.